काळे गोटे

मैत्रिणींनो, मामाच्या गावाला जायचं म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? आमराई, विहीर, बैलगाडी, दुपारचे पत्त्यांचे डाव, असंच ना? माझ्या डोळ्यांपुढे मात्र आधी येतो एक भोंगा. आणि भोंगा वाजला की स्वयंपाकघरात फळीवरच्या पितळी डब्यांवर दोन्ही तळहात ठेवून उभी राहणारी माझी आजी.

माझं आजोळ खदानीचं. भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात, डोंगरी बुजुर्ग नावाचं गाव आहे. तिथे मँगनीजची खदान आहे. पुस्तकात ‘खाण’ लिहितात, पण आमच्याकडे सगळे खदानच म्हणतात. ही खदान म्हणजे काही जमिनीखालचा बोगदा नव्हे. तो एक भलामोठा उघडा खड्डा, पायऱ्यापायऱ्यांनी खाली खाली गेलेला. वरून पाहिलं की तळातली माणसं मुंग्यांएवढी दिसायची. रोज ठरलेल्या वेळी तिथे सुरुंगाचे बार उडत. आधी भोंगा वाजे, लाल झेंडे लागत, रस्त्यावरची माणसं जिथल्या तिथे थांबत. मग पोटात धस्स व्हावं तसा आवाज येई आणि फळीवरची भांडी थरथरत. आजी घरी असली की बार होईपर्यंत डबे धरून उभी राही. तो झाला की, “झालं बाप्पा,” म्हणून पुन्हा चुलीपुढे बसे.

आम्ही नागपूरला राहत होतो. मे महिना लागला की आई, मी आणि धाकटा भाऊ आगगाडीने तुमसर रोडला उतरायचो. तिथून तिरोडीकडे एक फाटा जातो, त्या लाईनीवरच्या पॅसेंजरमध्ये बसायचं. धानाच्या मोकळ्या बांध्या, मधूनमधून तलाव, मोहाची झाडं, असं बघत बघत जायचो. गोबरवाही गेलं की भाऊ खिडकीत तोंड खुपसून बसे, कारण पुढे मालडब्यांची रांग दिसायची. डब्यांमध्ये काळा माल भरलेला. “आबाजींचा माल!” असं तो ओरडे, आणि आई त्याला हळूच दटावे, “हळू बोल.”

त्या ‘हळू बोल’मध्ये काय काय होतं ते मला खूप उशिरा कळलं. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे.

आबाजी खदानीत मेट होते, म्हणजे मजुरांच्या एका टोळीचे मुकादम म्हणा ना. ते निवृत्त झाले तेव्हा मी लहान होते. पण आजी अजून कामावर जायची! होय, माझी आजी खदानीत कामाला होती. सकाळी अंधार असताना उठून ती भात टाकायची, अंबाडीची भाजी नाहीतर लाखोरीच्या डाळीचं वरण करायची, डब्यात भरायची. नऊवारीचा काचा घट्ट मारायची, डोक्यावर चुंबळ, हातात लहानशी हातोडी, आणि निघाली. शेजारच्या चाळीतल्या चार-पाच बायका दाराशी थांबलेल्या असत. त्या सगळ्याजणी बोलत-हसत जायच्या. आम्ही मुलं अंथरुणातून त्यांचा आवाज ऐकायचो.

तिचं काम होतं गोटे निवडायचं. सुरुंगाने फुटलेला माल वर आला की त्यात चांगलं मँगनीज असतं आणि नुसता दगडही असतो. दोन्ही एकमेकांना चिकटलेले. या बायकांनी हातोडीने ठोकून ते वेगळे करायचे, चांगला माल एका बाजूला, निकामी दगड दुसऱ्या बाजूला, आणि घमेल्याने वाहून त्याचे ढीग लावायचे. मजुरी मापावर. लग्न होऊन या गावात आल्यावर थोड्याच दिवसांत ती कामाला लागली, तेव्हा खदान विलायती कंपनीकडे होती. पुढे 1962 साली मँगनीज ओअर इंडिया ही कंपनी निघाली आणि 1977 मध्ये ती पुरती सरकारची झाली. आजीला विचारलं तर ती एवढंच सांगे, “पहिले गोरा साहेब होता, मग आपला साहेब आला. गोटे तेच.”

तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? दगडच तर निवडायचे. मलाही तसंच वाटायचं. एकदा सुट्टीच्या दिवशी मी अंगणात खेळत होते, तेव्हा आजीने मला जवळ बोलावलं. “डोरे मिट आन् हात पुढे कर,” म्हणाली. आमच्या झाडीच्या बोलीत डोळ्यांना ‘डोरे’ म्हणतात, बरं का. मी डोळे मिटले. तिने माझ्या दोन्ही तळहातांवर एकेक गोटा ठेवला. “कोनता जड?”

मी सांगितलं, “उजवा.” डोळे उघडले तर दोन्ही गोटे अगदी सारखे. आकार तोच, रंगही काळाच. पण उजव्या हातातला एवढा जड की हात खाली जात होता.

“जड तो माल,” आजी म्हणाली. “हलका तो नुसता गोटा. काळे तर दोनी दिसते. डोऱ्याले फसवता येते, माय, हाताले नाई.”

मग तिने मला दहा-बारा गोटे ओळखायला लावले. माझे अर्धे चुकले. तिने मात्र हातात घेतला-न घेतला तोच बाजूला टाकावा, असं भराभर केलं. काही तिने ठोकून पाहिले. ठोकल्याच्या आवाजावरूनही तिला कळायचं. तांदळातले खडे आपण निवडतो ना, तितक्या सहज. आज मला माहीत आहे की चांगल्या प्रतीचं मँगनीजचं खनिज साध्या दगडाच्या दीडपट, कधी त्याहूनही जड असतं. हे मी पुस्तकात वाचलं. आजीने ते चाळीस वर्षं हातात धरलं होतं.

मामा खदानीच्या वर्कशॉपमध्ये होता. तोही आम्हा मुलांना काही ना काही दाखवायचा. एकदा टॉर्चचा संपलेला सेल त्याने पकडीने सोलला. बाहेर जस्ताचा पत्रा, मधोमध कोळशाची कांडी आणि तिच्याभोवती गच्च भरलेली काळी भुकटी. “हे काय आहे, माहीत आहे?” मामाने विचारलं. “मँगनीज डायऑक्साइड. डोंगरीचा माल याच कामाचा!” बाकीच्या खदानींतलं बहुतेक मँगनीज पोलादाच्या भट्टीत जातं, त्याच्याशिवाय चांगलं पोलाद होत नाही. पण डोंगरीचा माल सेलसाठी नावाजलेला. त्या रात्री वीज गेली आणि आबाजींनी टॉर्च लावला, तेव्हा भिंतीवरचा तो गोल उजेड आजीच्या हातून आला आहे असं मला वाटलं होतं. लहानपणी असं वाटणं किती सोपं असतं, नाही?

आता या मालाची एक खोड सांगते. हा काळा गोटा हाताला लागला की डाग पाडतो. आजी कामावरून आली की आधी मोरीवर बसायची. चिंचेचा कोळ हाताला चोळायची, मग राख, मग पुन्हा चिंच. (मैत्रिणींनो, विहिरीत टाकतात त्या जांभळ्या परमँगनेटचे तपकिरी डाग हाताला पडले तर लिंबू चोळून बघा, निघतात. तेही मँगनीजचंच. आजीला हे शास्त्र कोणी शिकवलं नव्हतं, पण आंबटाने डाग जातो हे तिला ठाऊक होतं.) तळहात स्वच्छ व्हायचे. नखांच्या कडा आणि बोटांच्या भेगा मात्र काळ्याच राहायच्या. त्या हातांनी ती आम्हाला दहीभात कालवून द्यायची. मी लहान असताना त्या हातांकडे कधी पाहिलंच नाही. म्हणजे पाहिलं, पण त्यात पाहण्यासारखं काही आहे असं वाटलं नाही.

पाहायला लागले ते नागपुरात. आजी एकदा आमच्याकडे आली होती. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, बिल्डिंगमधल्या बायका जमल्या होत्या. आजी कोपऱ्यात बसली होती, दोन्ही हात पदराखाली घेऊन. एका काकूंनी सहज विचारलं, “तुमच्या आई काय, घरीच असतात?”

आईने पटकन उत्तर दिलं, “हो, घरीच असते ती. वडील कंपनीत होते.”

मी तिळगुळाचं ताट घेऊन उभी होते. मी आजीकडे पाहिलं. ती काही बोलली नाही. पदर आणखी थोडा पुढे ओढला, एवढंच. रात्री आईने मला सांगितलं, “शाळेत कोणी विचारलं तर सांगू नको हं, आजी खदानीत जाते म्हणून.” मी “बरं” म्हटलं. मला ते पटलंही होतं, हे आज कबूल करते. माझ्या मैत्रिणींच्या आज्या पोथी वाचायच्या, वाती वळायच्या, पापड लाटायच्या. खदानीत गोटे फोडणारी आजी कोणाचीच नव्हती.

सातवीत असताना, 2000 साली, शाळेत निबंधस्पर्धा झाली. विषय ‘माझी आजी’. मी लिहिलं. काय लिहिलं असेल, सांगा बरं? माझ्या आजीचे केस कापसासारखे पांढरे आहेत. तिचे हात सायीसारखे मऊ आहेत. ती रोज देवपूजा करते, संध्याकाळी आम्हाला गोष्टी सांगते, तिच्या हातच्या लोणच्याची चव काही औरच. बाईंना निबंध फार आवडला. पहिला नंबर आला, वर्गात वाचून दाखवला गेला. आईने तो कागद जपून ठेवला.

त्या उन्हाळ्यात डोंगरीला गेलो तेव्हा आईने कौतुकाने मला तो वाचायला सांगितला. संध्याकाळची वेळ. अंगणात सडा घातलेला, आबाजी बाजेवर, मामी भाजी निवडत बसलेली. आजी नुकतीच कामावरून येऊन मोरीवर हात धूत होती. तिला वाचता येत नव्हतं. अंगठा उठवायची ती. म्हणून मी खणखणीत आवाजात वाचला. सगळ्यांनी ऐकला. ‘सायीसारखे मऊ हात’ हे वाक्य आलं तेव्हा माझा आवाज जरा अडखळला. तरी मी शेवटपर्यंत वाचला.

आजी पदराला हात पुसत आली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताची खरखर केसांना लागली. ती म्हणाली, “मस्त लिवलं, माय.” आणि मग, अगदी सहज, कुतूहलाने विचारावं तसं विचारलं, “पन हे कोनाची आजी होय?”

मामी हसली. आबाजीही हसले. आजीसुद्धा हसली. आई तेवढी उठून आत गेली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी रडले असते, तिने जवळ घेतलं असतं, आणि विषय संपला असता. तिला खरंच वाटलं की मी दुसऱ्या कोणाच्या तरी आजीबद्दल लिहिलं आहे. त्या निबंधात तिला स्वतःची खूणच सापडली नाही. पहाटेचा डबा नाही, हातोडी नाही, मैत्रिणींबरोबरचं हसणं नाही, जड-हलक्याची पारख नाही. आयुष्यभर जे केलं, त्यातली एक ओळ नाही. आणि ते गाळणारी मी. जिला तिने डोळे मिटायला लावून ती पारख दाखवली होती, ती मी!

पुढे दोनेक वर्षांत ती निवृत्त झाली. खदानीची चाळ सोडून त्यांनी गावात दोन खोल्या बांधल्या. 2013 मध्ये ती गेली. शेवटपर्यंत बाजारात भाजीवाल्याने तराजू धरला की ती जुडी नुसती हातात तोलून सांगायची, “पावशेर कमी हाय, बाबू.” आणि ती कधी चुकत नसे.

मला तिची माफी मागायची होती. पण माफी मागायला आधी तो विषय काढावा लागतो ना! दरवेळी वाटायचं, आता काढू, मग काढू. ते राहूनच गेलं.

आता मी एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. घरचं सगळं आवरून अकराला जाते, दोनला परत येते. दरवर्षी सातवीला ‘माझी आजी’ हा निबंध असतोच. आणि दरवर्षी चाळीस वह्यांमधून चाळीस पांढऱ्या केसांच्या, मऊ हातांच्या, गोष्टी सांगणाऱ्या आज्या माझ्यापुढे येतात. पहिल्या वर्षी मी त्या वह्या तपासायला बसले आणि तशाच मिटून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, “हा निबंध परत लिहायचा. घरी जा. आजीला, आजी नसेल तर आईला, आत्याला विचारा, की आयुष्यभर तुझ्या हातांनी तू काय काय केलंस? आणि ते लिहा.”

मुलं आधी गोंधळली. मग एक मुलगा लिहून आला की त्याची आजी विड्या वळायची, आणि तेंदूचं पान कसं कापायचं ते तिने त्याला करून दाखवलं. एका मुलीची आजी रोवणीला जायची, दिवसभर चिखलात वाकून. एकीची आजी इस्पितळात आया होती. ती मुलगी हळूच मला म्हणाली, “बाई, हे वर्गात वाचणार नाही ना तुम्ही?” मी तिच्याकडे पाहिलं. बारा वर्षांची, दोन वेण्या. मी तिला म्हटलं, “आधी मी माझ्या आजीचं सांगते. मग तू ठरव.” आणि त्या दिवशी पहिल्यांदा, भरल्या वर्गात, मी सांगितलं की माझी आजी मँगनीजच्या खदानीत गोटे निवडत असे. मुलीने आपला निबंध वाचला की नाही, ते महत्त्वाचं नाही. (वाचला, बरं का.)

हा लेख लिहायचं ठरवलं तेव्हा आधी आईला विचारलं. तिला वाईट वाटू नये, एवढीच इच्छा. आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मी तुमसरला शिकायला होते ना, तेव्हा वर्गातल्या मुली मला ‘खदानवाली’ म्हणायच्या. माझी फी, पुस्तकं, सगळं आईच्या मजुरीतून. मला ते कळत होतं. पण ते नाव माझ्या लेकीला चिकटू नये असं वाटायचं.” तिचंही काय चुकलं, सांगा! आपण आपल्या मुलांवर ऊन पडू नये म्हणून पदर धरतो, आणि त्याच पदराखाली कधी कधी आपली आई झाकली जाते.

मग ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि गूळ फोडायची हातोडी घेऊन आली. आमच्या घरातली नेहमीची हातोडी. दिवाळीला, संक्रांतीला, शेकडो वेळा मी तिने गुळाची ढेप फोडली असेल. दांडा हाताने घासून गुळगुळीत झालेला, लोखंड एका बाजूने झिजलेलं.

“ही आईची,” आई म्हणाली. “तीच ती. निवृत्त झाली तेव्हा मी मागून घेतली.”

इतकी वर्षं ती हातोडी आमच्या ओट्याखाली होती आणि आईने कोणालाही सांगितलं नव्हतं.

मैत्रिणींनो, 1952 च्या खाण कायद्याने बायकांना जमिनीखालच्या खाणीत काम करायला मनाई होती. 2019 साली सरकारने अटी घालून ती सैल केली. तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांवर, दिवसाच्या वेळी आणि त्यांच्या लेखी संमतीने, बायकांना तेव्हा खाली उतरायची परवानगी मिळाली. आता शिकलेल्या मुली या कामात आल्या की पेपरात त्यांचा फोटो येतो, आणि यायलाच हवा. पण त्यांच्या आधी, जमिनीच्या वर, उन्हात बसून गोटे निवडणाऱ्या कितीतरी बायका होऊन गेल्या. त्यांच्या घरच्यांनीही बाहेर ‘ती घरीच असते’ म्हणून सांगितलं असेल.

तुमच्या घरात अशी कोणी आहे का? असेल तर आज दुपारी कामं आवरली की तिच्याजवळ बसा. तिचे हात हातात घ्या आणि विचारा. मी उशीर केला, तुम्ही करू नका.

आणि माझा निबंध? तो मी आता पुन्हा लिहिला आहे. तो असा सुरू होतो: माझी आजी मँगनीजच्या खदानीत कामाला होती. डोळे मिटूनही तिला खरं-खोटं कळत असे.